मातेऱ्यावरच्या बाया

खुर्चीवर बसा म्हणून मी तीनदा सांगितलं, तरी बायजाक्का फरशीवरच बसल्या. नागपूरची डिसेंबरातली थंडी, आमदार निवासातली ती गारढोण फरशी, आणि ही साठीला टेकलेली बाई एक दिवस आणि एक रात्र रेल्वेत बसून आलेली. शेवटी मी माझी सतरंजी अंथरली, तर तिच्यावरही त्या अर्ध्याच टेकल्या.

“आक्का, वर बस की,” रावजीभाऊ म्हणाले.

“ऱ्हाऊ दे. वर बसलं की मला बोलाया सुचत न्हाई. तू ह्यास्नी लिवून घ्या म्हण. मी सांगते.”

ह्यास्नी म्हणजे मला. मी टोणपे, आमदार रावजी हुलवान यांचा स्वीय सहायक. बायजाक्का त्यांची थोरली बहीण. स्वीय सहायकाचं निम्मं काम टंकलेखनाचं आणि निम्मं खोटं बोलण्याचं असतं. साहेब आंघोळीला गेले असले तर दौऱ्यावर आहेत म्हणायचं आणि दौऱ्यावर असले तर आत्ताच बाहेर पडले म्हणायचं. सहा वर्षांत या दुसऱ्या कामात माझा हात चांगला बसला होता. माणूस नाराज होऊन परत जाऊ नये, एवढीच त्यातली तालीम.

भाऊ आमच्या अंबपेठच्या धान्यबाजारातल्या हमालाचे चिरंजीव. बाविसाव्या वर्षापर्यंत त्यांनी स्वतः पाठीवर पोती वाहिली. मग संघटना, मोर्चे, दोनदा तुरुंग आणि दोनदा निवडून येणं. हमालाला बिल्ला हवा, ठरलेला दर हवा, म्हातारपणाची काही तरतूद हवी आणि पोत्याच्या वजनाला मर्यादा हवी, एवढ्यासाठी त्यांनी दहा वर्षं सभागृह डोक्यावर घेतलं होतं. अखेर सरकारनं विधेयक आणलं, समितीनं ते तपासलं, आणि गुरुवारी ते एकेक कलम करून मंजूर व्हायचं होतं. शुक्रवारी अधिवेशन संपत होतं. पेपरवाले आधीच त्याला ‘हुलवान कायदा’ म्हणू लागले होते. आणि बुधवारी सकाळी बायजाक्का दारात.

“सांगा आक्का,” मी वही उघडली.

“शेतकऱ्याची गाडी बाजारातल्या फडावर रिकामी हुती, तवा ज्वारी सांडती. पोतं उचलताना सांडती, मापताना सांडती. आमी ती झाडतो, चाळतो, पाखडतो आन् चांगला दाणा परत पोत्यात भरतो. खाली ऱ्हातं त्ये मातेरं. माती, खडं, फुटका दाणा. त्ये आमचं.”

“आणि मजुरी कोण देतं?”

“कोण दील? मातेरं हीच मजुरी. माझ्या आईपास्नं हेच चाललंय.”

भाऊंनी खिडकीकडे तोंड केलं होतं. अडचण मला कळली. नव्या कायद्यानं बाजाराच्या आवारात बिल्ला असणारालाच काम करता येणार होतं, आणि ज्याला व्यापारी किंवा अडत्या मजुरी देतो त्यालाच बिल्ला मिळणार होता. या बायकांना मजुरी कुणीच देत नव्हतं. कायदा झाला की हमाल आत आणि बाया फाटकाबाहेर.

“किती जणी आहात?”

“एकसष्ट. त्यातल्या चाळीस तरी रांडमुंड. दुसरं काय काम येत न्हाई आमास्नी, आन् ह्या वयात देतंय कोण? बिल्ला न्हाई तर चूल न्हाई बगा.” मग त्या भावाकडे वळल्या. “रावजी, एक वळ घाल बाबा आमची. तुझ्या कायद्यात एवढी पानं हाईत, त्यात एक वळ मावंना व्हय?”

भाऊ मागं वळले. त्यांचे डोळे भरलेले मी पाहिले, ते खोटं नव्हतं. “घालतो,” ते म्हणाले. “टोणपे, घ्या लिहून.”

आणि त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं. ‘कामगार’ या शब्दाच्या व्याख्येपुढं वाढवायची ओळ: ‘किंवा सांडलेल्या धान्याच्या मोबदल्यात बाजाराच्या आवारात झाडण्याचे, चाळण्याचे अथवा पाखडण्याचे काम करणारी स्त्री’. मी ती टंकलिखित करून दोनदा वाचून दाखवली. आक्कांनी मान डोलावली. मी ती दुरुस्तीची सूचना म्हणून सचिवालयात नेऊन दिली आणि तिची पोच आणली. पुढं फक्त एकच करायचं होतं. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी नाव पुकारलं की उभं राहून भाऊंनी ती मांडायची आणि या बाया कामगार कशा, ते चार वाक्यांत सांगायचं.

ती चार वाक्यं फार अवघड होती, हे मला माहीत होतं. भाऊंचा छापील परिचय मीच तयार केला होता. त्यात ‘मातोश्री शेतमजुरी करीत’ असं होतं. वास्तविक त्यांची आई जन्मभर मातेऱ्यावर होती, आणि ती गेल्यावर बायजाक्कांनी तेच सूप हातात घेऊन या भावाला वाढवलं. आक्का चौदाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेल्या. खडे दाताखाली करकरतात ती भाकरी भाऊंनी अठराव्या वर्षापर्यंत खाल्ली होती. पण आमच्या बाजारात मातेरं खाणाऱ्या घराला हमालसुद्धा मुलगी देत नाही. पोतं वाहणारा कष्टकरी आणि सांडलेलं वेचणारा भिकारी, असा तिथला हिशेब. भाऊंची बायको मालतीवहिनी वकिलाची मुलगी. तिलाही शेतमजुरीच सांगितलेली होती.

दुपारी आक्का आतल्या खोलीत झोपल्या, आणि थोड्या वेळानं विभूते आले. अडत्यांच्या बाजूनं बोलणारे आमदार. माणूस तोंडाचा इतका गोड की शिवी दिली तरी आशीर्वाद वाटावा.

“हुलवान, अभिनंदन करायला आलोय. एक दिवस आधीच,” ते खुर्चीत बसत म्हणाले. “पण ती बायकांची ओळ काय मध्येच काढलीत?”

“त्या काम करतात, विभूते.”

“करतात की. पण माझी माणसं म्हणतात, आज झाडणाऱ्या आत आल्या, उद्या भजीवाला येईल. ओळ राहिली तर मी विधेयक परत समितीकडे पाठवा म्हणून सूचना देणार. माझी वीस डोकी आहेत, तिकडं तुमच्यातलीच दहा-बारा काठावर आहेत. शुक्रवारी अधिवेशन संपतं. पुढच्या अधिवेशनाला हे सरकार असेल का, ते तुमचा ज्योतिषी सांगेल.”

भाऊ पुन्हा खिडकीकडे वळले.

“आणि मांडलीत तर कुणीतरी विचारणारच,” विभूत्यांनी आवाज आणखी खाली आणला. “हे सांडलेलं खाणारे लोक हुलवानांना इतके जवळचे कसे? मी नाही विचारणार हो. पण सभागृह आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. बघा बुवा.”

ते गेले. भाऊंनी आतल्या दाराकडे पाहिलं. दार लोटलेलं होतं. मग त्यांनी मला विचारलं, आणि ते मला तसं कधी विचारत नसत.

“टोणपे, तुम्ही काय म्हणता?”

आज इतक्या वर्षांनी हे सांगताना दोष सगळा भाऊंवर ढकलणं सोपं आहे, माणूस उलटून बोलायला येत नाही. पण त्या दुपारी सल्ला माझा होता. “भाऊ, हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू नये,” मी म्हणालो. “राज्यात हजारो हमाल वाट बघतायत. त्यांचं पदरात पाडून घ्या. बायकांची ओळ पुढच्या अधिवेशनात आणू. सरकार आपलंच आहे.”

“आक्काला काय सांगायचं?”

“ते माझ्याकडं लागलं,” मी म्हणालो. माझा हात बसलेला होता ना.

दुसऱ्या दिवशी आक्कांना मी प्रेक्षकांच्या सज्जात पहिल्या रांगेत बसवलं. त्यांनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. खाली भाऊ दिसल्यावर त्यांनी माझा हात धरला. “ह्यो मधला का? टकल्याच्या शेजारचा?” मी हो म्हणालो. त्या कौतुकानं बघत राहिल्या.

कलम दोन आलं. अध्यक्षांनी पुकारलं, “श्री. रावजी हुलवान यांची दुरुस्तीची सूचना आहे.”

भाऊ अर्धवट उभे राहिले. टेबलावरच्या कागदाकडे बघत ते म्हणाले, “अध्यक्ष महाराज, मी सूचना मांडत नाही.” आणि लगेच बसले. सगळा प्रकार शिंक येऊन जायला लागतो तितक्या वेळात झाला. सभागृहात कुणाची मानही हलली नाही. खालचं बोलणं वर नीट ऐकू येत नसे, शिवाय आक्कांचं वय. मी देवाचे आभार मानले.

पुढं तासाभरात विधेयक मंजूर झालं. सगळ्या बाजूंनी बाकं वाजली, मंत्र्यांनी भाऊंना मिठी मारली. विभूते त्यांचा हात हातात घेऊन हलवत होते.

“बाकं कशापायी वाजिवत्यात?” आक्कांनी विचारलं.

“कायदा झाला, आक्का.”

“आमचं? आमचं झालं का टोणपे?”

त्या सरळ माझ्या तोंडाकडे बघत होत्या. खरं सांगायला एक शब्द पुरला असता. पण इतक्या लांबून आलेली बाई, एवढा आनंदाचा दिवस, आणि पुढच्या अधिवेशनात होणारच आहे की, असं सगळं माझ्या डोक्यात आलं. म्हणजे ते डोक्यात येण्याआधीच माझी जीभ चालून गेली होती.

“झालं, आक्का.”

त्यांनी माझ्याकडे आणखी थोडा वेळ बघितलं. मग खाली भावाकडे. “बरं,” म्हणाल्या, आणि पदर सावरून उठल्या. संध्याकाळच्या गाडीनं त्या परत गेल्या. भावाला भेटायला थांबल्या नाहीत. गर्दी असंल त्याच्याकडं, म्हणाल्या.

मार्चमध्ये अंबपेठेत बिल्ल्यांचं वाटप ठरलं. बाजाराच्या आवारात मांडव, हमालांची बायकापोरं, हलगी. फडावर टेबल मांडून भाऊ उभे होते. मी यादीतलं नाव वाचायचं, हमालानं पुढं यायचं, भाऊंनी पितळी बिल्ला त्याच्या छातीवर लावायचा. म्हातारे हमाल रडत होते. एकानं बिल्ला काढून त्याचा मुका घेतला आणि परत लावला. असा दिवस माणसाच्या वाट्याला एकदाच येतो. मी तर यादी वाचताना दोनदा अडखळलो.

उन्हं डोक्यावर आली, यादी संपत आली, आणि मान वर केली तर रांगेच्या शेपटाला लुगडी दिसली. धुवट, घड्या मोडून नेसलेली. एकसष्टच्या एकसष्ट जणी होत्या. सकाळी आठपासून त्या रांगेत होत्या, असं मला नंतर कळलं. आणि सगळ्यांच्या पुढं बायजाक्का.

शेवटचा हमाल बाजूला झाला आणि त्या टेबलासमोर आल्या. त्यांनी फक्त उजवा हात पुढं केला, तळवा वर करून. मागच्या बायका टाचा उंचावून बघत होत्या. खोक्यात बिल्ले पुष्कळ शिल्लक होते. भाऊंचा हात खोक्यावर होता.

मी यादीचा शेवटचा कागद उगाच उलटा करून पाहिला. भाऊ आक्कांकडे बघत होते आणि आक्का भाऊंकडे. मांडवात पहिल्या ओळीत मालतीवहिनी, कलेक्टर, पेपरवाले. शेजारच्या खुर्चीत विभूते, पाहुणे म्हणून आलेले. हलगीवाल्यानं हलगी थांबवली.

भाऊ माझ्या कानाशी वाकले. “टोणपे, ह्या बायकांना मांडवात बसवा आणि चहा द्या.”

मी तेच मोठ्यानं म्हणालो. “आक्का, सगळ्या जणी मांडवात बसा. चहा घ्या.”

आक्कांनी हात तसाच ठेवला. भाऊंनी माझ्या हातातली संपलेली यादी घेऊन तीत डोकं घातलं. तेव्हा आक्कांनी हात मागं घेतला, लुगड्याला पुसला, आणि बायकांकडे वळून म्हणाल्या, “चला गं. च्या नगं. आपुन बगाय आलो हुतो.”

“बगाय?” मागून एक जण ओरडली. “बिल्लं मिळत्यात म्हणून आनलंस की गं आमास्नी!”

आक्का चालू लागल्या. कलेक्टरांनी भाऊंना विचारलं, कोण होत्या. भाऊ म्हणाले, “गावातल्या आहेत. कौतुकानं आल्या होत्या.”

सोमवारी बाया सूप-चाळण घेऊन बाजारात गेल्या तेव्हा फाटकावर त्यांना अडवलं. अडवणारे हमालच होते, छातीवर नवा बिल्ला लावलेले. बिल्ला नसेल तर आत सोडायचं नाही, कायदा आहे, असं ते शिकवल्याप्रमाणे सांगत होते. काही बाया लोकांच्या शेतात भांगलणीला गेल्या, काही लेकींच्या दारात जाऊन पडल्या, तिघी-चौघी एस्टी स्टँडवर हात पसरून बसलेल्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या. त्या मला ओळखत होत्या. मी दुसऱ्या बाजूनं जायचो. बायजाक्कांशी कुणी बोलेना. तुझ्या भावासाठी आमाला नागवलंस, म्हणत एकीनं त्यांच्या उंबऱ्यावर थुंकली. वर्षाच्या आत त्या गाव सोडून चार मैलांवर एका मळ्यातल्या खोपटात राहायला गेल्या.

पुढच्या अधिवेशनात ओळ आली नाही. सरकार पडलं. दुसरं आलं, त्यात भाऊ राज्यमंत्री झाले, तेही कामगार खात्याचे. मी एकदा फाइल काढून पुढं ठेवली. भाऊ म्हणाले, “आता आणली तर तेव्हा का आणली नाही, असं विचारतील.” फाइल मी परत कपाटात ठेवली. त्यांचे सत्कार झाले, मानपत्रं झाली, बाहेरच्या राज्यांतली माणसं कायद्याची प्रत मागायला यायची. हमालांची पोरं त्या कायद्यावर शिकली, हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. आक्कांकडे भाऊंनी दर दिवाळीला लुगडं पाठवलं. दर दिवाळीला ते परत यायचं.

अकरा वर्षं गेली. भाऊ अंथरुणाला खिळले, डॉक्टरांनी हात टेकले. तोंडात फक्त आक्कांचं नाव. एका सकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं. “टोणपे, आक्काला घेऊन या. काहीही सांगा, पण घेऊन या.”

खोपटासमोर बायजाक्का शेंगा फोडत बसल्या होत्या. अगदी वाळल्या होत्या, नजर मात्र तीच. मी समोर मातीतच बसलो आणि सांगितलं, भाऊंचं काही खरं नाही, तुम्हाला बघायचंय त्यांना. त्या शेंगा फोडत राहिल्या. मग माझ्यानं राहवेना.

“आक्का, मला माफ करा. त्या दिवशी सज्जात मी खोटं बोललो. ओळ झाली नव्हती. भाऊंनी मांडलीच नव्हती.”

“ठावं हाय.”

“कधी कळलं? फाटकावर अडवलं तेव्हा?”

“न्हाई. तितंच. तुमच्या शेजारी बसले हुते तवाच.” त्यांनी हातातली टरफलं बाजूला टाकली. “कान काय गेलं नव्हतं माझं. ‘मांडत न्हाई’ म्हणाला त्यो. आन् खाली बगून म्हणाला. रावजी ल्हानपणापास्नं खोटं बोलताना खाली बगतो.”

“मग आक्का, बायकांना का सांगितलंत झालं म्हणून? का आणलंत त्यांना रांगेत?”

“म्हटलं, तितं एवढ्या सायबांपुढं पोराला धीर झाला नसंल. हितं आपला बाजार हाय, आपली मानसं हाईत. म्होरं मी हुबी ऱ्हायले, तर मला तोंडावर न्हाई म्हणायचा न्हाई त्यो. माझ्या हातचं खाल्लंय त्यानं. आपलंच दात, आपलंच ओठ. म्हटलं, दील. खोकं भरलं हुतं की वो बिल्ल्यांनी. एक जरी त्यानं माझ्या हातावर ठिवला असता, तर बाकीच्या साठ कशाला अडल्या असत्या?”

एवढं बोलून त्यांना दम लागला. मी खाली बघत टरफलं गोळा करू लागलो.

“एक सांगा,” त्या म्हणाल्या. “च्या द्या, असं त्यो म्हणाला का तुमी आपल्या मनानं म्हणालात?”

मी वर पाहिलं. अकरा वर्षं त्या बाईनं हा एक धागा धरून ठेवला होता, ते मला तेव्हा कळलं. भाऊंनी तिकडं सांगितलं होतं, काहीही सांगा.

“मीच, आक्का. भाऊंचं लक्षच नव्हतं.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, सज्जात बघितलं होतं तशाच. मग त्यांनी सूप उचलून मांडीवर घेतलं.

“दोनदा झालं तुमचं, टोणपे. जावा आता. रावजीला सांगा, आक्का येत न्हाई. वाटंत हाय, येतीया, आसलं कायबाय सांगू नगा. जातानं तरी त्येला खरं ऐकू द्या. एवढं एक काम माझं करा.”

“करतो,” मी म्हणालो.

मी परत आलो तेव्हा अकरा वाजले होते. भाऊ दाराकडेच बघत होते. “आली?”

मालतीवहिनी उशाशी उभ्या होत्या. भाऊंचे डोळे असे होते की, काय सांगू. शब्द मी वाटेवर दहा वेळा घोकले होते.

“येतायत,” मी म्हणालो. “बैलगाडीनं निघाल्यात. वाटेत आहेत.”

भाऊंचा चेहरा फुलला. त्यांनी मालतीवहिनींना दाढी करायला न्हावी बोलवायला सांगितलं. धुतलेला सदरा घालून घेतला, टोपी मागितली. आडवं व्हायला तयार होईनात. आक्का आली आणि मी झोपलेला, बरं दिसेल का, म्हणाले. तक्क्याला टेकून ते बसून राहिले. बारा वाजले, दोन वाजले. रस्त्यावर गाडी वाजली की मान उचलायचे. दर वेळी माझ्याकडे बघायचे, आणि दर वेळी मी म्हणायचो, येतील आता, बैलं म्हातारी आहेत. चारच्या सुमारास ते एकदा म्हणाले, “लई उभं केलं मी तिला.” एवढंच. सव्वापाचला मान कलली. टोपी डोक्यावर तशीच होती.

मालतीवहिनी हात जोडून मला म्हणाल्या, “टोणपे, तुमच्यामुळं आनंदात गेले. बहीण येणार म्हणून.”

तिसऱ्या दिवशी नदीवर राख सावडायला गर्दी झाली. हमाल शेकड्यांनी आले होते. सगळं आटोपून मी घाटाच्या पायऱ्या चढत होतो, तर वरच्या पायरीला बायजाक्का बसलेल्या. काठी शेजारी. चार मैल चालत आल्या होत्या.

“सांगितलंत त्येला?” त्यांनी विचारलं. “मी सांगितल्यावानी?”

“सांगितलं.”

“काय म्हणाला?”

गप्प बसता आलं असतं. डोळे पुसत पुढं निघून जाता आलं असतं.

“म्हणाले, बरोबर आहे तिचं. मी मांडायला पाहिजे होतं. बिल्ला तिच्या हातावर ठेवायला पाहिजे होता, म्हणाले.”

मला वाटलं, आता त्या म्हणतील, तिसऱ्यांदा झालं तुमचं. पण आक्कांनी माझं मनगट धरलं. “आसं म्हणाला रावजी? आपल्या तोंडानं म्हणाला?”

“हो, आक्का.”

त्यांनी पदर तोंडात कोंबला आणि त्या रडल्या. खोपटासमोर नव्हत्या रडल्या, रांगेतून फिरल्या तेव्हाही नव्हत्या. बराच वेळ रडल्यावर त्यांनी नाक पुसलं, काठी घेतली आणि उठल्या.

“कुठं निघालात? मी गाडी बोलावतो.”

“नगं. पेठंत जाते. जित्या हाईत त्या बायास्नी सांगाया पायजे. म्हणावं, म्हणाला गं रावजी शेवटाला. चुकलो म्हणाला.”

आणि त्या चालू लागल्या, मान वर करून, बाजाराच्या रस्त्यानं. मी पायरीवर उभा राहून बघत राहिलो. वळणापर्यंत त्यांना हाक मारता आली असती. मी मारली नाही.